१९१५ पूर्वीच्या मोटारींची स्केल मॉडेल्स : सांगलीच्या हवेत मांडणी आणि जपणूक

हरिपूर_वेस
१८८६ ते १९१४ या काळातल्या मोटारींची ३१ मॉडेल्स आहेत. १९ आहेत १:४३ ची (म्हणजे मूळ गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढी), ९ आहेत १:२४ ची आणि ३ आहेत १:१८ ची. सध्या सागवानी शोकेसमध्ये ठेवली आहेत. आता काचेचं कपाट करून घ्यायचं आहे : ९० सें.मी. रुंद, ४० खोल, १८० उंच. घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही, खोली तळमजल्यावरची. जून ते सप्टेंबर आर्द्रतामापकाचा काटा ८० च्या खाली येत नाही. कपाट कशाचं करावं, आत ओल कशी धरू द्यायची नाही, मांडणी मापाने करावी की सालाने, हे जाणकारांनी सांगावं. दोन मॉडेल्सच्या टायरखाली चिकट काळे डाग उमटलेत, तेही कशाने ते सांगा.

एकास_त्रेचाळीस
कपाटापासून सुरुवात करू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

लाकूड, प्लाय, एमडीएफ आतून नको. नवीन लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते, एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. उघड्या खोलीत ते उडून जातं, बंद कपाटात साठतं. मॉडेलचं शरीर जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, जुन्या किटमधले दिवे आणि रेडिएटर शिसं-कथलाच्या व्हाइट मेटलचे. शिशावर या वाफेने पांढरी भुकटी धरते आणि भाग आतून पोखरला जातो. वरचा रंग शाबूत दिसतो, बोट लावलं की दिवा हातात येतो.

म्हणून पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा करा. बाजू, पाठ आणि दार ५ मि.मी. काचेचं, फळ्या ६ मि.मी. टफन काचेच्या. फळी ४० खोल नको, ३४ ठेवा. पुढे उरलेल्या फटीतून उजेडही खाली उतरतो आणि हवाही फिरते. सरकती काच घेऊ नका. दोन काचांच्या मध्ये फट राहतेच, केसाळ पट्टी लावली तरी धूळ आत जाते. बिजागरीचं दार, चारही कडांना पोकळ रबरी गॅस्केट आणि वर-खाली दोन लोहचुंबकी कॅच असं सांगा.

फॅब्रिकेटरला एक गोष्ट आवर्जून सांगायची : सांधे भरायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. साधं सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तेच ते ॲसेटिक आम्ल. आम्ल नको म्हणून लाकूड टाळायचं आणि सांध्यांतून तेच आत सोडायचं, असं होता कामा नये. काम झाल्यावर कपाट दोन आठवडे उघडं ठेवा, मगच मॉडेल्स आत जाऊ द्या.

कुपवाड_फॅब
वरच्याशी पूर्ण सहमत. एक भर : एलईडी पट्टी १२ व्होल्टची, वॉर्म व्हाइट, पुढच्या उभ्या सेक्शनमध्ये बसवा. अडॅप्टर कपाटाबाहेर. अडॅप्टर आत ठेवला की दिवा चालू असताना आतली हवा तापून फुगते आणि फटींतून बाहेर जाते. बंद केला की थंड होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. रोज संध्याकाळी दिवे लावणाऱ्याच्या कपाटात ओल जास्त दिसते ती यामुळे.

हरिपूर_वेस
धन्यवाद. न्यूट्रल सिलिकॉनचं माहीतच नव्हतं. सिलिका जेल किती लागेल? अर्धा किलोचं पाकीट पुरेल का?

पितळी_कंदील
हिशेब मांडून बघू.

तुमच्या कपाटाचं घनफळ ०.९ × ०.४ × १.८ म्हणजे ०.६४८ घनमीटर. २७ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २५.८ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ८५ टक्क्यांवरून ५० वर यायचं तर घनमीटरमागे ९ ग्रॅम काढावे लागतात, तुमच्या कपाटातून जेमतेम ६ ग्रॅम. सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी सहज धरतं, म्हणजे ५०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम. कपाटातली हवा दिवसातून एकदा बदलत असेल तर पाकीट सोळा-सतरा दिवस चालेल. फटींमुळे चार वेळा बदलत असेल तर चार दिवसांत संपेल. म्हणून जेल वाढवण्याआधी गॅस्केट तपासा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. जिथून ती अलगद सुटते तिथे फट आहे.

जेल रंग बदलणारं घ्या, नारिंगी. ओलं झालं की हिरवट होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. सुकवायला ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-अडीच तास, ट्रेमध्ये एका इंचापेक्षा जाड थर नको. गार झाल्यावर लगेच बरणीत बंद करा, उघडं राहिलं तर रात्रीत पुन्हा ओलं. मे अखेरीस एकदा पूर्ण सुकवून ठेवा आणि दोन पाकिटं आलटून पालटून वापरा.

आर्द्रतामापकावर मात्र आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, लापशीइतकं ओलं करा, मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका झिप पिशवीत घालून १० ते १२ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवला तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे. हे न करता कितीतरी जण चुकीच्या आकड्यावर कपाट चालवतात.

४० ते ५५ च्या मध्ये राहिलं की पुरे. ३० च्या खाली नेऊ नका, कापडी किंवा चामड्याच्या छतांच्या घड्या कडक होऊन तडकतात.

साखरपट्टा
कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर? कसर लागत नाही म्हणून विचारतोय. मूळ खोकी पण आतच आहेत.

पितळी_कंदील
अजिबात नको, आजच काढा. डांबरगोळीची वाफ पॉलिस्टायरीन प्लास्टिक मऊ करते. मडगार्ड, विंडस्क्रीनची चौकट, प्लास्टिकचे स्पोक वाकतात, रंगाचा वरचा थर चिकट होतो. कपड्यांच्या कपाटात लटकवायचे ओल शोषणारे डबेही नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ते पाणी होऊन खाली साठतं आणि डबा कलंडला तर खारं पाणी फळीभर.

खोकी वेगळी आणि वरच्या मजल्यावर ठेवा. विकायची वेळ आली तर मूळ खोक्यासह किंमत बरीच जास्त मिळते, म्हणून ती टाकू नका. पण आतला स्पंज काढून टाका. तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन चुरा होतो आणि रंगावर बसतो.

एकास_त्रेचाळीस
टायरच्या डागांचं कारण : मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं. खाली पॉलिस्टायरीनचं किंवा ॲक्रिलिकचं स्टँड असेल तर ते त्याला मऊ करतं आणि टायर तिथे रुततो. ओढून काढू नका, टायर फाटेल. मॉडेल आडवं कलवून बारीक नायलॉनचा दोरा टायरखालून करवतीसारखा फिरवा. नंतर टायर आणि तळ यांच्यात पॉलिएस्टरचा पारदर्शक कागद ठेवा. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी मिळायच्या त्या शीट चालतात, पण पीव्हीसीच्या नव्हेत. मोठ्या मापात आणखी एक उपाय : दोन्ही आसांखाली ॲक्रिलिकचे ठोकळे असे ठेवायचे की टायर तळापासून केसभर वर राहतील. १:१८ ची जड गाडी नुसत्या टायरांवर उभी राहिली की दोन-तीन उन्हाळ्यांत टायर खालून चपटे होतात.

ताशीव
मापाने की सालाने : एका फळीवर एकच माप, त्या फळीत डावीकडून उजवीकडे साल. १:४३ च्या शेजारी १:२४ आली की डोळा दोन्हींना नाकारतो, लहान गाडी खेळणं वाटते.

फोर्ड मॉडेल टीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर) १०० इंच, म्हणजे २५४० मि.मी. १:४३ ला ५९ मि.मी., १:२४ ला १०६, १:१८ ला १४१ यायला हवा. चाक ३० इंची, म्हणजे १:२४ ला सुमारे ३२ मि.मी. जुन्या बाजारातून घेताना खिशात व्हर्नियर (बारीक मापं मोजायची पकड) ठेवा. लेबलवर काहीही छापलेलं असो, या दोन मापांत खरं माप कळतं. मॅचबॉक्सची मॉडेल्स ऑफ यस्टरइयर ही मालिका १९५६ ला सुरू झाली. तिच्यातली मापं एकसारखी नाहीत. गाडी मोठी असो की छोटी, मॉडेल साधारण एकाच आकाराचं निघावं असं त्यांनी बघितलं. तेव्हा त्यांची फळी वेगळीच ठेवा. रिओ आणि ब्रम या इटालियन कंपन्यांची १:४३ एकत्र नांदतात.

फळ्यांमधलं अंतर : १:४३ ला १४ सें.मी., १:२४ ला २०, १:१८ ला २४. टपासकट टी १:२४ मध्ये जवळजवळ ९ सें.मी. उंच होते आणि हात आत घालून उचलायला वर तेवढीच जागा लागते. १:४३ दोन ओळींत, मागची ओळ ४ सें.मी. उंच पायरीवर. गाड्या सरळ समोर तोंड करून लावू नका, ३० अंश तिरक्या ठेवा. या काळातल्या गाड्यांचं सौंदर्य चाकांत, दाराखालच्या पायरीवरच्या सामानात आणि बाजूच्या लिव्हरमध्ये आहे, समोरून ते दिसतच नाही. सगळ्यात खालची ४५ सें.मी. जागा मोकळी राहील, तिथे फक्त सिलिका.

कृष्णाकाठची_मीनल
मोकळ्या जागेबद्दल दुसरं कारणही आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. तळमजल्यावर कपाट असेल तर ४० ला वाट बघत बसू नका, ३५ ओलांडून पाणी वाढतंय असं दिसलं की मॉडेल्स वर न्या. त्यासाठी झाकणाचे प्लास्टिकचे दोन क्रेट आणि आत खाचा पाडलेला पॉलिथिनचा फोम कायम तयार ठेवा. ३१ मॉडेल्स नीट भरायला दोघांना तासभर लागतो, घाईत भरली तर पितळी दिवे तुटतात.

पाण्यात गेलीच तर गाळ वाळू द्यायचा नाही. ओली असतानाच स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून हलवा, धार मारू नका. शेवटी डिस्टिल्ड वॉटर. तळाचे स्क्रू काढून वरचा भाग वेगळा करा, कारण गाळ आसांभोवती आणि सीटखाली बसतो. हेअर ड्रायर नको, पंख्याखाली तीन-चार दिवस. आस बहुधा पोलादी असतात, सुकल्यावर सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब. रिव्हेट केलेला तळ असेल तर ड्रिल करू नका. तसं उघडलेलं मॉडेल पुढे कोणी मूळचं मानत नाही.

हरिपूर_वेस
मीनलताई, क्रेट या आठवड्यातच आणतो. एका १:४३ च्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) केसासारख्या रेषा दिसतात आणि एक मडगार्ड किंचित वर उचललंय. ही ती जस्ताची कीड का? बाकीच्यांना लागेल का?

एकास_त्रेचाळीस
बहुधा तीच, संग्राहक झिंक पेस्ट म्हणतात ती (इंग्रजी pest, म्हणजे कीड). ओतकामाच्या जस्तात शिशासारखी अशुद्धता राहिली, अगदी टक्क्याचे काही हजारांश जास्त झाली तरी, स्फटिकांच्या कडांवर आतून गंज चालतो आणि धातू फुगतो. म्हणून १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तावर बेतलेले झामाक मिश्रधातू आणले. झामाक हे नाव जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांचं. पण भट्टीत जुनं भंगार मिसळलं तर आजचं मॉडेलही किडतं.

बाकीच्यांना ती लागत नाही, हा संसर्ग नव्हे. त्याच घाण्यातल्या दुसऱ्या मॉडेलला झाली तर ती त्याच्या स्वतःच्या धातूमुळे. उपाय नाही. वरून रंग, लॅकर, इपॉक्सी काहीही लावलं तरी आतलं चालूच राहतं. ओल आणि उष्णता कमी ठेवली तर वेग मंदावतो, एवढंच हातात आहे. पेन्सिलने कागदावर चासीची लांबी टिपून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा व्हर्नियर लावा. वाढली असेल तर खात्रीच. मग दिवे, चाकं, स्टीअरिंग काढून सुट्या भागांच्या डबीत ठेवा, ते दुसऱ्याला उपयोगी पडतात.

विकत घेताना तळ बघायचा : केळ्यासारखी वाकलेली चासी, रंगाला आलेले फोड, अडकणारं दार. यातलं एकही दिसलं तर परत ठेवा.

पितळी_कंदील
आता माझा आवडता भाग : मॉडेल बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं.

पहिल्यांदा टायर बघा. नैसर्गिक रबर आणि झिंक ऑक्साइड यांचा रंग पांढरट-करडा. टायरमध्ये काजळी मिसळायची पद्धत १९१० नंतर हळूहळू रुळली. १९०८ च्या गाडीला कोळशासारखे काळे टायर असतील तर ती मॉडेल बनवणाऱ्या कंपनीची सोय. रंगवायचे असतील तर शुद्ध पांढरा नको, पांढऱ्यात चिमूटभर करडा आणि थेंबभर मातकट पिवळा.

मग इंजिन फिरवून सुरू करायचं पुढचं हँडल. कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांवर विजेचा सेल्फ-स्टार्टर आणला. त्याआधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना पुढे रेडिएटरखाली हँडल हवं, आणि मॉडेलवर सगळ्यात आधी तेच मोडतं.

दिवे : टीला १९१४ पर्यंत पुढचे मोठे दिवे ॲसिटिलीनचे. पायरीवर पितळी नळकांडं दिसतं, त्यात कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकून वायू तयार होई आणि रबरी नळीने दिव्यांत जाई. विक्रेते त्याला पेट्रोलचा डबा म्हणतात. नळकांड्यातून निघणारी नळी बारीक काळ्या वायरने करता येते. बाजूचे छोटे दिवे रॉकेलचे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना त्या दिव्याची झडप, काच आणि वरचं धुराडं लगेच ओळखू येईल. १९१५ पासून टीला विजेचे हेडलॅम्प आले, पण रेडिएटर पितळीच राहिला, तो १९१७ च्या मॉडेलपासून काळा झाला. म्हणजे १९१५-१६ ची टी पितळी रेडिएटर आणि विजेचे दिवे अशी जोडगोळी दाखवते. ही चूक नव्हे.

रंग : टी म्हणजे काळीच, हा गैरसमज. फक्त काळा रंग १९१४ ते १९२५. सुरुवातीला लाल, करडा, हिरवा होते, १९१२-१३ च्या बहुतेक गडद निळ्या. अमेरिकेत बनलेल्या टुरिंग गाड्यांना त्या काळात चालकाच्या बाजूला उघडणारं दार नव्हतं, पत्र्यावर दाराची नुसती आकृती. आणि पायाशी तीन पेडल : डावं क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर स्टीअरिंगखालच्या लिव्हरवर. १:२४ मध्ये हे नीट दाखवलेलं असेल तर मॉडेल करणाऱ्याने मूळ गाडी बघितली आहे असं समजा.

बेन्झ पेटंट मोटरवॅगनचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. पहिल्या तीनचाकीला तारेचे स्पोक आणि भरीव रबर, मागे आडवं फिरणारं मोठं फ्लायव्हील. बर्था बेन्झ ऑगस्ट १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या ती नंतरची आवृत्ती, तिला लाकडी स्पोक. तारेच्या स्पोकच्या मॉडेलखाली '१८८८ चा प्रवास' लिहू नका.

मिरज_जंक्शन
दुरुस्तीला उपयोगी : विंडस्क्रीनच्या तिरक्या पितळी दांड्या आणि भोंग्याची नळी तुटली तर सोनेरी रंग फासलेली वायर लावू नका. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत पितळेची बारीक तार मिळते. मूळ दांडी १० मि.मी. धरली तर १:२४ ला ०.४२ मि.मी. लागते, १:४३ ला ०.२३. मायक्रोमीटरने मोजून घ्या. गुंडाळीतली तार वाकडी असते : एक टोक पकडीत, दुसरं चिमट्यात धरून हलकेच ताण द्या, अर्धा टक्का लांबली की सुतासारखी सरळ होते. ०.४ किंवा ०.५ च्या पिन ड्रिलने हाताने छिद्र, मशीन नको.

चिकटवायला सायनोॲक्रिलेट (झटपट धरणारा सुपरग्लू) पावसाळ्यात टाळा. त्याची वाफ दमट हवेत काचेवर आणि क्रोमवर पांढरी साय धरते, ती सहज निघत नाही. काचेजवळ पाच मिनिटांची इपॉक्सी, सुईच्या टोकावर मावेल एवढी. काच चौकटीत बसवायला पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक, सुकल्यावर पारदर्शक होतो.

आयसीएम कंपनीच्या १:२४ बेन्झ किटमध्ये स्पोक फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ) पत्र्याचे येतात. फ्रेममधून कापताना कैची नको, काचेवर ठेवून ब्लेडने दाबून कापा. कैचीने पत्रा वळतो आणि चाक फिरताना डुलतं.

लाकडी तळ करायचाच असेल तर चपडा लाखेचं पॉलिश, तंतुवाद्यांवर करतात तसं, पातळ सात-आठ हात. पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा. शेवटचा हात झाल्यावर महिनाभर बाहेर, मग कपाटात. तळाला खालूनही पॉलिश हवं, नाहीतर एका बाजूने ओल घेऊन तो वाकतो.

साखरपट्टा
धूळ कशाने काढायची? आणि हातमोजे सुती चालतील?

ताशीव
सुती नकोत, धागे स्पोकमध्ये आणि दिव्यांच्या कंसात अडकतात. नायट्राइलचे घट्ट बसणारे घ्या. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने, मग बकरीच्या केसांचा मऊ ब्रश, मेकअपचा चालतो. ब्रशची धातूची कड इन्सुलेशन टेपने झाकून घ्या. काच पुसायचा स्प्रे मॉडेलवर नको, त्यातल्या अमोनियाने प्लास्टिकवरचा क्रोम आणि सोनेरी मुलामा निघून जातो. उचलताना मडगार्डला धरायचं नाही, चासीला दोन बोटं आणि खाली तळहात.

एकास_त्रेचाळीस
लेबलचं राहिलं. सगळ्यांवर सरसकट 'विंटेज' लिहू नका. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ३१ डिसेंबर १९०४ पर्यंतच्या गाड्या ॲन्सेस्टर, १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० विंटेज. ब्रिटनमध्ये १९०४ पर्यंतच्यांनाच व्हेटरन म्हणतात, लंडन ते ब्रायटन धावेत १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. तेव्हा एक पद्धत ठरवा आणि तीच सगळीकडे वापरा. तुमच्या ३१ पैकी एकही विंटेज नाही.

रोल्स-रॉइसबद्दल एवढं : 'सिल्व्हर घोस्ट' हे १९०७ च्या एकाच चंदेरी गाडीचं नाव होतं, नोंदणी एएक्स २०१. मॉडेलचं नाव ४०/५० एचपी. तुमचं मॉडेल त्या गाडीचं नसेल तर लेबलवर '४०/५० एचपी' लिहा.

पितळी_कंदील
लेबल ६ × २.५ सें.मी., मराठीत, जाड मॅट कागदावर. चकचकीत कागदावर एलईडी चमकतो आणि वाचता येत नाही. पहिल्या ओळीत कंपनी, नाव आणि साल, दुसऱ्या ओळीत इंजिन आणि चाकांकडे शक्ती कशी जाते ते : पट्टा, साखळी की शाफ्ट. तिसऱ्या ओळीत माप आणि मॉडेल बनवणारी कंपनी. खरेदीची तारीख, किंमत, बदललेले भाग हे वहीत, लेबलवर नाही. लेबलच्या मागे वहीतला क्रमांक पेन्सिलने.

हरिपूर_वेस
फॅब्रिकेटरकडे माप देऊन आलो. बिजागरीचं दार, न्यूट्रल सिलिकॉन, अडॅप्टर बाहेर, आणि खालची ४५ सें.मी. मोकळी. किडकी चासी वेगळ्या डबीत ठेवली आहे, लांबी ८९.४ मि.मी. वहीत लिहिली.